रवी म्हटलं की पाय खाली

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

सकाळी साडेदहाला ग्रामपंचायतीच्या हॉलवर गेलो. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी गुडघेदुखीवाल्यांचा वर्ग असतो. दिशा मॅडम अलिबागहून येतात, व्यायाम शिकवतात. त्यांनी माझा एक्स-रे खिडकीकडे धरून पाहिला. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, उजव्यात जास्त. ऑपरेशनची घाई नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे, वजन चार किलो उतरवायचं, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही आणि रोज दुखणं दहापैकी किती ते लिहून ठेवायचं. म्हणून ही वही. कंपनीची २०१९ची डायरी आहे, कोरी राहिली होती. तारखा खोडून वापरतो आहे.

आज दुखणं ६.

मॅडमनी विचारलं, आत्ताच का यावंसं वाटलं. सांगितलं. सतरा फेब्रुवारीला माझ्या पत्नीचं, वेणूचं, वर्षश्राद्ध आहे. ती गेली एकोणतीस फेब्रुवारीला, म्हणजे तारखेने येत्या वर्षी तो दिवसच नाही. तिथीने सतराला येतं. हरिहरेश्वरला करायचं आहे. तिथे पायऱ्या उतरून खडकांपर्यंत जायचं आणि पिंड समुद्रात सोडायचा. आमची मुलगी प्राप्ती म्हणते, रितेश सोडेल. जावई चांगला आहे. पण पिंड मीच सोडणार.

मॅडम म्हणाल्या, "थांबा, वेणूकाकींचे मिस्टर का तुम्ही? अहो, त्या आमच्या पहिल्या बॅचच्या. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही त्यांनी."

मी हो म्हणालो. मला हे माहीत नव्हतं, ते सांगितलं नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

दुखणं ६.

वर्गात आठ बायका आणि मी एकटा पुरुष. पुढच्या खुर्चीवर केसरबाई. आमच्या मागच्या आळीत राहते, ओली-सुकी मासळी विकते. वेणूची मैत्रीण, एवढंच मला ठाऊक. रविवारी मी घरी असलो की ही दारातूनच परत जायची.

व्यायाम साधा आहे. खुर्चीवर ताठ बसून एक पाय सरळ उचलायचा, तसाच धरायचा, मग खाली. मॅडम म्हणाल्या, सहापर्यंत मोजा. पण बायका आकडे मोजतच नाहीत. एका सुरात म्हणतात, "सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी," आणि "रवी" म्हटलं की आठही पाय धप्पकन खाली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या हसल्या. "ही काकींची पद्धत. आकड्यात लक्ष राहत नाही म्हणायच्या."

मी मनात आकडेच मोजले. अठ्ठावीस वर्षं न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात वजनकाट्यावर होतो. आकड्यात लक्ष ठेवायचाच पगार घेतला. उरणला खोली होती. शनिवारी रात्री घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. घरचा दिवस एकच, रविवार. आणि या बायका सहा दिवस पाय धरून ठेवतात आणि रविवार आला की टाकून देतात. तो दिवस मोजायचाही नाही. वेणूला मोजायला दुसरं काही सुचू नये याचं वाईट वाटलं.

"भावजी, उचला की," केसरबाई सगळ्यांसमोर म्हणाली. "कंटेनर न्हाय तो, पाय हाय."

बायका हसल्या. मीही थोडा हसलो.

नंतर सगळ्यांनी घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधल्या. एकेका पायाला एक. खाकी कापड, जाड शिवण, वर नाडी. कापड ओळखीचं वाटलं. केसरबाईच्या पिशवीला एका बाजूला खिशाचं झाकण होतं, बटणासकट. ते कंपनीचं बटण आहे.

घरी येऊन कपाट उघडलं. युनिफॉर्मच्या सहा पँटी होत्या. दोन उरल्या आहेत.

शनिवार, ७ डिसेंबर

दुखणं ५. दिवसभर त्या पँटींचाच विचार. एवढ्याशा गोष्टीचा माणसाने विचार करू नये हे कळतं.

मंगळवार, १० डिसेंबर

दुखणं ६.

वर्ग सुटल्यावर केसरबाईला विचारलं, "पिशव्या कोणी शिवल्या?"

"वेणूनं. दुसरं कोन शिवील? मॅडम म्हनाल्या, दुकानातली वजनं महाग पडतात. वेणू म्हनली, आमच्या ह्यांच्या पँटी फाटत न्हाईत, त्या कापडात वाळू राहील." पायातली पिशवी सोडून तिने उचलून दाखवली. "माझी फाटली. बोंबील वाळवायच्या काठीत अडकली. ही वेणूचीच हाय."

नुसतं वेणू म्हणते. ताई नाही, वहिनी नाही.

ती वाकली तेव्हा उंडीच्या तेलाचा वास आला. तो कडवट, थोडा करपल्यासारखा वास वेणूच्या अंगाला असायचा. रविवारी दुपारी पडलो की शेजारच्या उशीला यायचा. ती गेल्यावर तेलाची अर्धी बाटली राहिली. मी ते गुडघ्याला लावत नाही. कधीतरी बूच काढतो आणि लावून ठेवतो, इतकंच. आता कळलं की हे तेल केसरबाईच्या माहेरचं. तिच्या भावाच्या वाडीत उंडीची झाडं आहेत, बिया वाळवून तो तेल काढून आणतो. वेणूला तीच द्यायची.

म्हणजे मी ज्याला वेणूचा वास म्हणत होतो तो हिच्या घरून येत होता.

गुरुवार, १९ डिसेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. दुखणं ५, ५, ६, ५.

मला केसरबाईचा हेवा वाटतो. लिहायला लाज वाटते, पण ही वही कोणी वाचणार नाही. बायको गेल्यावर तिच्या मैत्रिणीचा हेवा करणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. मी एकतीस जानेवारीला कामावरून सुटून कायमचा घरी आलो आणि वेणू एकोणतीस दिवसांनी गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत संपलं. मेंदूत रक्तस्राव. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं रविवारच धरायचे. चौदाशेच्या आसपास होतात. म्हणजे चार वर्षंही भरत नाहीत. केसरबाईला उरलेली सगळी मिळाली.

तिचं दुखणं ३ आहे. मॅडमच्या कागदावर पाहिलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

दुखणं ५. केसरबाई एका पायाने पंधरा वेळा उचलते. मी दहा. मॅडम म्हणतात, हळूहळू वाढवा, स्पर्धा नाही. मी घरी वीस करतो. तांदळाच्या किलोकिलोच्या दोन पिशव्या बांधतो.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

दुखणं ५.

आज पायऱ्यांचा सराव. हॉलच्या तीनच पायऱ्या आहेत. नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मला उलटसुलट होत होतं.

केसरबाई म्हणाली, "सोपं हाय, भावजी. चांगला तो आधी वर जातो. मानसांचंबी तसंच."

कोणी हसलं नाही.

नंतर तीच बोलत राहिली. दोघी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. वर्षभर. "हरिहरेश्वरासाठी. तिथली प्रदक्षिणा लई खडी. वेणू म्हनायची, गुडघे आधी तयार पायजेत, मग नवस."

"तुमच्याबरोबर जायचं ठरलं होतं?"

"जायचं ठरलं व्हतं, तुमी रिटायर झालात की."

मी घरी आलो. म्हणजे मी घराची राखण करायला आलो की या दोघी मोकळ्या. वेणू मला इतकंच म्हणाली होती, "एकदा हरिहरेश्वरला जायचं आहे हो." मी म्हणालो होतो, जाऊ. कधी, कोणाबरोबर, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. केसरबाईला मात्र सांगितलं.

आज तीस केले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दुखणं ४. वेणू गेल्यापासून इतकं कमी कधी नव्हतं. वर्गात केसरबाईने तिळगूळ वाटला. माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या. "एक वेणूची," म्हणाली. मी दोन्ही खिशात घातल्या आणि घरी येऊन एकच खाल्ली. वेणूची होती ती. दुसरी मुंग्यांना दिली.

हे केलं ते बरोबर नाही.

आज प्रत्येक पायाने चाळीस. शिवाय समुद्रावर चालून आलो. केसरबाई पुळणीवर चालते म्हणून तिचे गुडघे बरे, असं बायका म्हणत होत्या. मी वरच्या कोरड्या वाळूत तासभर चाललो.

गुरुवार, १६ जानेवारी

दुखणं ८. उजवा गुडघा सुजला आहे. वाटी दिसत नाही. हात लावला तर गरम लागतो. संडासला जाताना भिंत धरावी लागते.

निर्गुडीचा पाला आणून तव्यावर गरम केला, जाड मीठ घातलं, फडक्यात बांधून तासभर शेकलं. वेणू असंच शेकायची. मिठाची पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग माझ्या गुडघ्याला.

संध्याकाळी परत शेकलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुखणं ९. वर्गाला गेलो नाही.

अकराच्या सुमाराला केसरबाई मासळीचा डबा डोक्यावर घेऊन दारात. "का आला न्हाईत?" मी म्हणालो, काम होतं. तिने सरळ आत येऊन गुडघा पाहिला.

"शेकलात?"

"हो."

"सुजल्यावर? ताप चढलेल्या पोराला घोंगडीत गुंडाळाल का तुमी? मॅडम काय म्हनल्या व्हत्या? सूज आली, गरम लागला, की थंड. ऊन न्हाय. बेअकली."

शेवटचा शब्द हळू म्हणाली, पण मी ऐकला. डब्यात ताज्या मासळीखाली बर्फ होता. ती स्वयंपाकघरात गेली, वरच्या फळीवरचं पातेलं काढलं, खालच्या खणातून जुना पंचा काढला. कुठे काय आहे ते मला विचारलं नाही. तो पंचा मी दोन महिने शोधत होतो.

बर्फ पंचात बांधून गुडघ्यावर ठेवला. पंधरा मिनिटं, मग काढा, मग दोन तासांनी परत. बर्फाला बांगड्यांचा वास येत होता.

"किती वेळा पाय उचलता?"

"पंधरा."

"खरं सांगा."

"चाळीस."

"आनि चालता कुठं? सुक्या वाळूत? मी पाहिलं परवा. आवो, पाय रुततो तिथं, गुडघा पिळतो. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर चालायचं, कठीन असते तिथं. हे कोनाबी लहान पोराला ठाव हाय इथं." मग थोड्या वेळाने, "तुमचा तरी काय दोष. तुमी इथं व्हतात कुठं?"

ती गेल्यावर मला राग आला. दुखणं मात्र संध्याकाळपर्यंत ६ वर आलं. हेही लिहायला हवं.

रविवार, १९ जानेवारी

दुखणं ५. सूज उतरते आहे. बर्फ केसरबाईच पाठवते. घेऊन येणारा पोरगा म्हणतो, केसरमावशीने दिलाय. मी घेतो.

प्राप्तीचा फोन. "बाबा, केसरमावशी सांगत होती सगळं. चाळीस वेळा काय, जिम लावलीय का? तुम्ही टेन्शन घेऊ नका ना, रितेश आहे ना. तो पटकन खाली जाईल, सोडेल, येईल. पाच मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम म्हणूनच मला करायचं आहे." मला काय म्हणायचं होतं ते नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, "आणि मावशीला पण मी बोलावलंय हरिहरेश्वरला. आईला आवडलं असतं."

आईला काय आवडलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी पडलो होतो तेव्हा एक आठवलं. दोन-एक वर्षांपूर्वीचा असाच रविवार. जेवण झालं होतं. मी खुर्चीत बसलो होतो आणि वेणू समोर खाली बसून म्हणाली, "जरा पाय सरळ उचला बघू. असा. मी मोजते." मी म्हणालो, "एक रविवार मिळतो, पडू दे मला." ती बरं म्हणाली आणि ताटं उचलायला उठली. उठताना जमिनीला हात टेकून, मग खुर्चीला धरून उठली. मी तेव्हा विचारलं नाही.

तिचं दुखणं दहापैकी किती होतं ते मॅडमच्या कागदावर असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुखणं ४. वर्गाला गेलो. दहाच वेळा उचलले. वर्ग संपल्यावर मॅडमना वेणूचा जुना कागद मागितला. पहिल्या दिवशी ७. शेवटच्या मंगळवारी ३. दोन्ही गुडघे.

माझा आकडा कधी सातवर गेला की मी तिला हाक मारायचो. ती कोणाला मारायची ते आता माहीत झालं आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

दुखणं ३.

शर्टाचं बटण तुटलं म्हणून वेणूचा शिवणाचा डबा काढला. तळाशी खाकी कापडाची घडी होती. उलगडली तर दोन पिशव्या, बाकीच्यांसारख्याच, पण रिकाम्या. तोंड शिवायचं राहिलेलं. सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट. नाड्या इतरांपेक्षा वीतभर लांब आहेत. वर्गातल्या कोणा जाड्या बाईसाठी असणार. परत द्यायला हव्यात.

घोट्याला बांधून पाहिली. नाडी बरोबर पुरते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुखणं ३. वर्ग सुटल्यावर केसरबाईला पिशव्या दाखवल्या. म्हटलं, "या कोणासाठी शिवत होती? ज्यांच्या असतील त्यांना देऊन टाका. नाड्या लांब आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, तुमी शिकलात किती?"

"बी. कॉम."

"व्हय का," म्हणाली आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

मी पिशव्या परत डब्यात ठेवल्या. सुई काढली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुखणं ३. मॅडमनी पायऱ्या उतरून दाखवायला सांगितल्या. दुखरा पाय आधी, काठी त्याच्या बरोबर, मग चांगला पाय. म्हणाल्या, "जमेल. पण मध्ये थांबायचं. थांबायची लाज वाटू द्यायची नाही. काकी सात पायऱ्यांनी थांबायच्याच."

केसरबाई येणार हे पक्कं झालं आहे. मी तिच्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं. "केसरबाई, खालचं मी एकटा करणार आहे, वाईट वाटून घेऊ नका." दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल जमलं नाही, म्हणून कालचं आज लिहितो.

पहाटे पाचला रितेशच्या गाडीतून निघालो. पुढे मी, मागे प्राप्ती आणि केसरबाई. बारीक पांढऱ्या काठाचं लुगडं नेसली होती. गाडीत उंडीच्या तेलाचा वास होता. मी काच खाली केली, मग परत वर केली.

विधीला पाट मांडला होता. गुरुजींना म्हटलं, मला खाली बसता येणार नाही. मला वाटलं होतं ते काही बोलतील. ते म्हणाले, "स्टूल घ्या. रोज दहा जण स्टुलावर बसतात. देवालाही गुडघे माहीत आहेत." रितेशने स्टूल आणलं. दोन महिने मी मांडी घालून बसायचं मनात धरून होतो, ते असं मिनिटात संपलं.

मग पिंड घेऊन समुद्राकडे. पायऱ्या दोन खडकांच्या मधून उतरतात, खाली नुसतं पाणी दिसतं. ओहोटी होती. मी केसरबाईकडे वळलो, वाक्य म्हणायला. तिने आधीच कठड्याजवळ बैठक मारली होती.

"मी हितंच थांबते," म्हणाली. "खालचं काम तुमचं."

मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं, असंच लिहायला हवं.

एका हातात काठी, एका हातात द्रोण. दुखरा पाय आधी. रितेश मागे. पहिल्या पंधरा-सोळा पायऱ्या उतरलो. न थांबता. जिथे वळण आहे तिथे उजवा गुडघा अडकला. वाकेना आणि सरळही होईना. मागून माणसं येत होती. रितेश म्हणाला, "बाबा, द्या इकडे. मी पटकन जातो." त्याने हात पुढे केला. मी द्रोण थोडासा त्याच्याकडे केलाही.

वरून आवाज आला. "भावजी! थांबला न्हाईत ना मधी? मला ठावच व्हतं. हां, आता घ्या श्वास. घेतला? सोम!"

मी उजवा पाय खाली टाकला. डावा त्याच्याशेजारी आणला.

"मंगळ!"

माणसं बघत होती. एक बाई हसली. मला लाज वाटली, तरी उतरलो. बुध. गुरू. शुक्र. शनी. शनीची पायरी उंच होती, गुडघ्यात कळ आली, दात आवळले.

"रवी! थांबा आता. दोनी पाय एकाच पायरीवर. दम खावा."

थांबलो. मग परत सोम. पायऱ्या किती होत्या ते मी मोजलं नाही. मोजणं वर तिच्याकडे होतं. रविवार आला की मी थांबत होतो, आणि शेवटी शेवटी शुक्रपासूनच त्याची वाट बघत होतो.

खाली खडकावरून रितेशने दंडाला धरलं. द्रोण पाण्यात मी सोडला. लाट आली आणि घेऊन गेली. त्या वेळीही केसरबाईचा आवाज वरून येत होता. तिला वाटलं असणार मी अजून उतरतोच आहे. म्हणजे वेणूला शेवटचं जे मिळालं त्यात तिचाही आवाज गेला. मला हे आवडलं नाही. पण तसं झालं.

वर आल्यावर मी तिच्याशेजारी कठड्यावर बसलो.

"पानी थंड व्हतं?"

"हो."

"तिला थंड पानी सोसायचं न्हाय. गुडघे आखडायचे. रोज ऊन पान्यानं न्हायची."

निदान हे तरी मला तिच्याहून जास्त माहीत होतं. मी म्हणालो, "नाही. ती थंड पाण्याने आंघोळ करायची. मी स्वतः पाहिलं आहे. दर रविवारी."

केसरबाईने पदर तोंडाला लावला.

आमच्याकडे बंब एकच आहे. रविवारचं पाणी मी घ्यायचो.

दुखणं ६. बर्फ लावला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दुखणं ४. वर्गाला गेलो. केसरबाईने तेलाची नवी बाटली दिली. मी घेतली. जुनी संपलेली नाही हे तिला सांगितलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. वास सारखाच आहे, दोनदा पाहिलं.

मला अजून तिचा हेवा वाटतो. पूर्वी वाटत होतं, श्राद्ध झालं की जाईल.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुखणं ३.

सकाळी ओहोटीला समुद्रावर गेलो. ओल्या वाळूवरून चाललो, अर्धा तास. येताना वरच्या अंगाची कोरडी वाळू पिशवीत भरून आणली. चाळली, शंखशिंपले काढले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाचशे-पाचशे ग्रॅम मोजून त्या दोन खाकी पिशव्यांत भरली. तोंडं शिवली. सुई तिचीच होती, दोराही पुरला. माझे टाके वेडेवाकडे आले आहेत. तिचे कुठे संपतात आणि माझे कुठे सुरू होतात ते लांबून दिसतं.

बंब पेटवला नाही. थंड पाण्याने आंघोळ केली. गुडघे आखडतात.

जेवण झालं. ताट धुऊन ठेवलं. खुर्ची खिडकीशी ओढली, पिशव्या बांधल्या, नाड्यांच्या गाठी मारल्या. उजवा पाय सरळ उचलला. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. मांडी थरथरायला लागली.

रवी म्हटलं. पाय खाली ठेवला.

मग डावा उचलला.